दिवसा राबणाऱ्यांची शाळा रात्रीच भरली पाहिजे

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

हा मजकूर लिहिणारा कोणी विद्वान नाही. तो एका खेड्यातील प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. मराठी अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढून त्याने पदविका घेतली आणि आज वीस-बावीस वर्षे तो तुमच्याच पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आहे. त्याच्या घरापासून शेताचा बांध लांब नाही. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे डोळ्यांनी पाहिलेले आहे असे समजून वाचावे. आणि ज्यास वाचता येत नसेल त्यास शेजाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती. कारण हा लेख मुख्यत्वे त्याच्यासाठीच आहे.

प्रश्न साधा आहे. दिवसभर औत, भाता, चाक किंवा करवत चालवून आलेल्या मोठ्या माणसाने रात्री शाळेत जाऊन बसावे की नाही? आणि बसावे, तर ती शाळा चालविण्याची जबाबदारी कोणाची? माझे मत असे की, त्याने बसलेच पाहिजे; आणि ती शाळा कोणाच्या दयाधर्मावर न सोडता सरकारने व गावाने पैसा खर्चून चालविली पाहिजे. आता या मताची कारणे ऐका.

माझे वडील दोन एकर कोरडवाहू जमिनीचे धनी होते. अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. भावकीतल्या एकाने कर्ज काढले, तेव्हा "दादा, साक्षीला तेवढा अंगठा द्या" म्हणून त्यांना बोलावून नेले. त्यांनी अंगठा दिला. तो कागद साक्षीचा नव्हता, जामिनाचा होता. पुढे कर्ज थकले आणि नोटीस आमच्या दारात आली. दोन शेळ्या, आईची बोरमाळ आणि चार वर्षांची ज्वारी त्यात गेली. मी त्या वेळी नववीत होतो. तो कागद मला घडाघडा वाचता आला असता. पण अंगठा उठविला त्या वेळी मी तेथे नव्हतो. ही एवढीच गोष्ट माझ्या काळजात आजवर रुतून बसली आहे. "पोरे शिकली, आता आम्हाला शिकून काय करायचे?" असे जे आमचे वडीलधारे म्हणतात, त्यांना माझे उत्तर हेच की, पोरगा शिकला म्हणजे बापाचा अंगठा शिकत नाही. कागद पुढे येतो त्या घटकेला पोरगा पुण्याच्या कंपनीत पाळीवर असतो.

कोणी म्हणेल, मास्तर, ते जुने दिवस गेले. माझे म्हणणे असे की, ते दिवस गेले नसून त्यांनी नवा अंगरखा घातला आहे. पूर्वी गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे. तो लिहील ते खरे, आणि त्याने काय लिहिले ते आमच्या आजोबास कळत नसे. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा केली, ती याच कारणासाठी. पण आज काय चालले आहे ते पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करावयाची. योजना चांगली आहे. शेतकऱ्याच्या हाती त्याचे दप्तर आले, असे म्हणता येईल. पण ज्यास वाचता येत नाही त्याच्या हाती काय आले? आमच्या गावात अशा वीस-पंचवीस खातेदारांची नोंद एक पोरगा पन्नास-पन्नास रुपये घेऊन करतो. एकाच्या रानात सोयाबीन कमरेला लागले होते आणि नोंद 'पडीक' अशी झाली. अतिवृष्टीनंतर नुकसानीचे कागद होऊ लागले तेव्हा हे उघड झाले, आणि तो घोळ निस्तरायला त्या गरिबाला तालुक्याच्या चार खेपा व चार दिवसांचा रोज पडला. तो पोरगा काही कोणा पेशव्यांच्या घरचा नव्हता, आपल्याच आळीतला होता. तात्पर्य, कुलकर्णी ही जात नव्हे. वाचणाऱ्याने न वाचणाऱ्यावर चालविलेली ती सत्ता आहे. ती आपल्यातल्यांनी चालविली तरी तितकीच वाईट.

हे सारे आपल्या वाडवडिलांतील शहाण्या माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते. दिवसा रोजगार सोडता येत नाही, म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा विचार त्यांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुचला. आमच्या खात्याला तो अजून पुरता सुचलेला नाही. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात खेड्यातील शाळेत काय शिकवावे हेही सांगितले: मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य. शिवाय खेड्यातील शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातलाच असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, असेही त्यांचे मागणे होते. मोडी का? तर त्या काळी सरकारी दप्तर व सावकाराचे खत मोडीत असे म्हणून. म्हणजे जो कागद शेतकऱ्याचा गळा कापतो, तोच त्याला आधी वाचता आला पाहिजे, असा त्यातला हिशेब आहे. हा हिशेब आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम आहे.

पुढे शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि राबता राबता शिकावे हा रिवाज पाडला. या थोरांच्या पुण्याईने आपली पोरे शाळेत गेली, कॉलेजात गेली, कचेरीत खुर्चीवर बसली. पण जो बाप त्या वेळी बैलामागे होता, जी आई गवताच्या भाऱ्याखाली होती, ती दोघे जेथल्या तेथे राहिली. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात शंभरांत सुमारे ८२ माणसे साक्षर निघाली. पुरुषांत ८८, बायकांत ७६. म्हणजे दर चार बायकांत एक अक्षराच्या उंबऱ्याबाहेरच होती. ती एक कोण, हे मी सांगावयास नको. ती तुमच्या-माझ्या घरातली आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि दोन-तीन वर्षांत ती राज्यभर पसरली. गावच्या मास्तरांनी व शिकलेल्या पोरांनी चार-चार महिने रात्री कंदील लावून वर्ग घेतले. साऱ्या गावाला अक्षरे येऊ लागली की ग्रामगौरव समारंभ होई. लेझीम, मिरवणूक, पाहुणे, असा थाट असे. त्या मोहिमेचे मोल कमी नाही. जगभर तिची वाखाणणी झाली. परंतु मिरवणूक संपली की कंदील विझे. नव्याने वाचावयास शिकलेल्या माणसाच्या हाती पुढे ना पुस्तक आले ना वर्ग राहिला, आणि दोन पावसाळे गेले की शिकलेली अक्षरे पुसून जात. बी पेरले, उगवले, आणि भांगलणीलाच कोणी फिरकले नाही, तर सुगीला खळ्यात काय यावे?

१९७८ साली २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम निघाला, १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन निघाले, आणि २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर झाला, ज्यास पुढे 'उल्लास' असे नाव पडले. १५ वर्षांवरील निरक्षर हे त्याचे विद्यार्थी. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांचे प्रत्येकी ५० मिळून १५० गुणांची परीक्षा. शेकडा ३३ गुणांना उत्तीर्ण. आपल्या राज्यात १७ मार्च २०२४ रोजी ही परीक्षा झाली. नातवाचा हात धरून आलेल्या आज्या मी त्या दिवशी बाकावर बसलेल्या पाहिल्या, आणि खोटे कशाला सांगू, डोळे भरून आले.

पण मास्तराला हिशेबाची खोड असते. या कार्यक्रमाला पाच वर्षांसाठी एकंदर १०३७ कोटी ९० लाख रुपये ठरले; त्यात केंद्र सरकारचे ७०० कोटी, बाकीचे राज्यांचे. साक्षर करावयाची माणसे देशभरात पाच कोटी. आता भागाकार करा. दर माणशी २०८ रुपयांच्या आत-बाहेर येतात. एका माणसाच्या सबंध शिक्षणाला इतके! महाराष्ट्रात रोजगार हमीवरची एका दिवसाची मजुरी २०२४-२५ साली २९७ रुपये होती. म्हणजे ज्याने जन्मभर मजुरी केली, त्याला शिकविण्यासाठी त्याच्या एका दिवसाच्या मजुरीइतकेही आपण काढून ठेवले नाही. शिकविणारा स्वयंसेवक, त्याला मानधन नाही. दिवा शाळेचा, खडू मास्तराच्या खिशातला. जे काम फुकट करून घेतले जाते ते फुकटातच जमा होते, हा अनुभव बलुतेदारांना मी काय सांगावा!

येथे माझ्या मास्तर बंधूंच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. निवडणूक मास्तराने करावी, खानेसुमारी मास्तराने करावी, दिवसा पोरे शिकवावी, रात्री कागद भरावे. वर पुन्हा निरक्षर शोधण्यास तोच! २०२३ साली शिक्षकांच्या संघटनांनी या कामावर बहिष्काराची भाषा केली, तेव्हा कित्येकांनी त्यांना आळशी ठरविले. मला तो आरोप सरसकट मान्य नाही. पण हेही खरे की, आपल्यापैकी पुष्कळ मास्तर साडेपाचच्या एस.टी.ने तालुक्याला पळतात आणि ज्या बापाच्या घामावर आपण शिकलो त्याच्यासाठी आठवड्यातून दोन रात्री गावात राहणे त्यांना जड जाते. सरकारने मोबदला दिला पाहिजे, आणि आपण गावात राहिले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

आता मोठ्या माणसांचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप वयाचा. आमच्या गावच्या एका लोहाराला मी वर्गाला बोलाविले तेव्हा तो म्हणाला, "गुर्जी, आवो गवऱ्या म्हसनात गेल्या, आता पाटी घिऊन काय करू? पोरं हसत्याल." मी म्हटले, "अण्णा, पाटी घेऊ नका. तुमच्या घराचा उतारा तेवढा घेऊन या." तो आला. आणि खरी गोष्ट अशी की शिकविण्याची चूक माझीच होती. पहिल्या रात्री मी लहान पोरांसारखे "अ अननसाचा" असे फळ्यावर लिहिले होते. पन्नाशीच्या माणसाला ते ऐकून लाज वाटते. दुसऱ्या आठवड्यापासून मी फळा बाजूला ठेवला आणि प्रत्येकापुढे त्याचा स्वतःचा सातबारा किंवा घराचा उतारा ठेवून म्हटले, यात तुमचे नाव कोठे आहे ते शोधा. आपले नाव माणूस चित्रासारखे ओळखतो. नावातून चार अक्षरे सुटी होतात, बापाच्या नावातून आणखी तीन, गावाच्या नावातून दोन. त्या लोहाराला इंच व सूत जन्मापासून ठाऊक. आकडे त्याला शिकवावेच लागले नाहीत. तीन महिन्यांनी तो दुकानाची उधारी स्वतः लिहू लागला. पिकल्या पानाला पालवी फुटत नाही ही म्हण झाडाची आहे. माणसाला ती लावू नये.

दुसरा आक्षेप थकव्याचा. हा मात्र खरा आहे, आणि ज्याने कधी उन्हात कुळव धरला नाही त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. थकलेल्या माणसाला रोज दोन तास बसविणे हा जुलूम आहे. याला उपाय म्हणजे शाळेने शेताचे पंचांग पाळावे. डेन्मार्क देशातील शेतकऱ्यांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. तेथे १८४४ साली रोडिंग गावी प्रौढ शेतकऱ्यांसाठी पहिले लोकविद्यालय निघाले. पुढे अशी विद्यालये देशभर झाली, आणि ती शेतातील कामे थांबतात त्या हिवाळ्यात तरुण शेतकऱ्यांसाठी व उन्हाळ्यात मुलींसाठी भरत. आपल्याकडेही भांगलण उरकल्यावर श्रावण-भाद्रपदात थोडी उसंत असते, आणि रब्बीची मळणी झाल्यावर पाऊस पडेपर्यंत दुसरी. मधे लग्नसराई आणि जत्रा येतात, त्यांना सुटी द्यावी. पेरणी व सुगीच्या दिवसांत वर्ग बंदच ठेवावा. उगाच हजेरीपटावर खोट्या सह्या कशाला? आठवड्यातून चार रात्री, एक-एक तास, एवढे पुरे होते.

तिसरी अडचण बायकांची. ती आक्षेप म्हणून कोणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. मी रात्री आठला वर्ग ठेवला तेव्हा बायका तीनच आल्या. तिघींच्याही घरी सून होती. बाकीच्यांचे आठ वाजता काय चालू असते? चूल. एक बाई माझ्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, मास्तरांस्नी म्हणावं, भाकरी कोण थापणार त्ये बी शिकवा." त्या दिवसापासून बायकांचा वर्ग दुपारी दीड ते अडीच असा केला आणि तिघींच्या सतरा झाल्या. तेव्हा 'रात्रीची शाळा' हे नाव खरे, पण त्याचा मतलब एवढाच की, राबणाऱ्याला ज्या वेळी फुरसत असेल ती शाळेची वेळ. नवऱ्यांनी मात्र एक करावे: बायको वर्गाला निघाली म्हणजे त्याच वेळी चहाची हाक मारू नये.

चौथा आक्षेप सर्वांत मोठा: "शिकून मिळणार काय?" येथे जोतीरावांचा तो १८८२ चा हिशेब उपयोगी पडतो. जो कागद गळ्याशी येतो, तोच आधी शिकवा. त्या काळी ते मोडी खत होते. आज कोणते? माझ्या मते चार.

एक, जमिनीचा कागद. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. साताच्या भागात मालकी व बोजा, बाराच्या भागात पीक. आठ-अ मध्ये खातेदाराची एकंदर जमीन. फेरफार म्हणजे हक्कात झालेला बदल. आपल्या साताच्या भागात इतर हक्कात कोणाचा बोजा चढला आहे, एवढे जरी शेतकऱ्याला स्वतः वाचता आले तरी निम्मे दावे उभेच राहणार नाहीत.

दोन, कर्जाचा कागद. येथे एक हिशेब सांगतो, तो सर्वांनी घरी करून पाहावा. गावोगाव कर्ज वाटणारे येतात. दहा हजार देतात आणि दरमहा हजाराचे बारा हप्ते घेतात. बारा हजार गेले, दोन हजार व्याज झाले, म्हणजे शेकडा वीस, असे आपल्याला वाटते. हे चूक आहे. पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. सालभराचा विचार केला तर सरासरीने जेमतेम निम्मी रक्कम आपल्या हाती राहते, आणि व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर दिले जाते. नीट हिशेब केला तर खरा दर सालीना शेकडा ३५ च्या घरात जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी वगैरे १८ धंद्यांतील कारागिरांना आधी एक लाखापर्यंत व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज शेकडा पाच दराने देण्याचे ठरले. पाच कोठे आणि पस्तीस कोठे! पण ज्याला शेकडा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तो पस्तीसवाल्याच्या दारात हसत उभा राहतो, कारण तो घरपोच येतो आणि गोड बोलतो.

तीन, मोबाइल. बँकेचा निरोप कोणता आणि चोराचा कोणता, हे वाचता आले पाहिजे. फोनवर आलेला गुप्त आकडा दुसऱ्याला सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली रस्त्यावर टाकणे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवावे.

चार, औषधाचा डबा. फवारणीच्या विषाच्या डब्यावर त्रिकोणात रंग असतो; तांबडा म्हणजे अत्यंत जहाल. प्रमाण किती, तोंडाला काय बांधावे, पीक काढण्याआधी किती दिवस फवारू नये, हे सारे तेथे लिहिलेले असते. जो न वाचता फवारतो तो जिवाशी खेळतो. जोतीरावांच्या यादीत शेती आणि आरोग्य दोन्ही होते, ते उगाच नव्हे.

इतके झाले म्हणजे शाळा संपली काय? नाही. येथेच आजवर सर्व मोहिमा चुकल्या. सही आली की माणूस साक्षर झाला असे धरून त्यास टाळ्या वाजवून घरी पाठविले. माझे म्हणणे असे की, सही हा उंबरा आहे, घर पुढे आहे. ज्याची शाळा चौथी-पाचवीला सुटली असा तरुण गडी गावोगाव आहे. त्याला शाळेत नाव नसतानाही खाजगी रीतीने, ज्याला लोक १७ नंबरचा अर्ज म्हणतात तो भरून, दहावीला बसता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते काम करीत शिकणाऱ्यांसाठीच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कारखानदारीचा दहा लाखांवरचा उद्योग काढणाऱ्यास निदान आठवी पास असण्याची अट घातली गेली. म्हणजे हाती कसब असून कागद नसल्यामुळे आपला सुतार त्या दारातून परत फिरतो. मुंबईत आजही रात्रशाळा आहेत. हॉटेलात, दुकानात, कारखान्यात दिवसभर राबून पोरे रात्री दहावीच्या वर्गात बसतात. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट गावी असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले आणि आज तेथे कम्युनिटी कॉलेज नावाच्या अशा संस्था पुष्कळ आहेत, संध्याकाळी कामावरून सुटलेला सुतार, गवंडी किंवा दोन लेकरांची आई तेथे वर्गात बसते, आणि "या वयात?" असे विचारण्याची तेथे फारशी रीत नाही. मग आमच्या खेड्यातल्या सुताराने काय पाप केले आहे? शाळेची इमारत आहे, दिवे आहेत, बाक आहेत, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या इमारतीला कुलूप असते. जनतेच्या पैशाने बांधलेली इमारत दिवसाचे सोळा तास रिकामी ठेवणे ही उधळपट्टी आहे.

तेव्हा माझी मागणी अशी. दर मोठ्या गावात व लहान गावे मिळून एके ठिकाणी कायमची रात्रशाळा असावी. मोहीम नव्हे, शाळा. तिला पगारी शिक्षक असावा, गावातल्या डी.एड. होऊन बेकार बसलेल्या पोरापोरींना हे काम द्यावे, म्हणजे त्यांनाही भाकरी मिळेल. वर्गाची वेळ शिकणाऱ्यांनी ठरवावी. बायकांचा वर्ग निराळ्या वेळी असावा. वाचनालय रात्री उघडे राहावे. १९६७ पासून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याचा लाभ राबणाऱ्यालाही होऊ द्यावा. आणि पहिल्या परीक्षेनंतर आठवी-दहावीपर्यंतची वाट त्याच शाळेतून निघावी.

सरकार हे आपणहून करील, या भ्रमात मी नाही. मागितल्यावाचून आपल्याला काही मिळालेले नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पुढच्या ग्रामसभेत पाच जणांनी उठून एवढाच ठराव मांडावा की, आमच्या गावची शाळा रात्री उघडी पाहिजे, दिव्याचे बिल ग्रामपंचायतीने भरावे आणि शिक्षकाच्या मानधनाची मागणी जिल्हा परिषदेकडे करावी. ठराव लिहून घ्यावा, आणि तो वाचून मगच खाली सही करावी. सप्ताहाच्या मांडवाला, बैलगाडीच्या शर्यतीला, साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकाला गावात वर्गणी निघते. फलकावरचे नाव ज्याला वाचता येत नाही तोही ती देतो. त्यातला दहावा हिस्सा दिव्याच्या बिलाला दिला तर देव काही रागावणार नाही.

ठराव होईपर्यंत मात्र वाट पाहू नका. ज्याला वाचता येते त्याने आजपासून शेजारच्या एकाला त्याचे नाव ओळखावयास शिकवावे. तो लोहार माझ्या वर्गाला अजून येतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे कोणी एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, "साक्षीला सही करा." त्याने चष्मा लावला, कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "थांबा, आधी वाचू द्या." अर्धा तास लागला. कागद साक्षीचाच होता, म्हणून त्याने सही केली. त्या अर्ध्या तासाची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या बापाला तो अर्धा तास मिळाला नाही.

तुमचा,
एक खेड्यातील शाळामास्तर